अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझरची नोकरी प्रत्यक्षात कशी असते?

प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षं अर्धवेळ शिकवलं आहे, मास्टर्स झालेलं आहे, आणि आता अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर म्हणून पूर्णवेळ काम करावं असं वाटतंय. हे काम म्हणजे मुलांना कोर्स निवडून देणं एवढंच आहे का, त्यासाठी काय लागतं, आणि ज्याला शिकवायला आवडतं त्याचं मन त्यात रमेल का?

मी बरीच वर्षं एका मोठ्या सरकारी विद्यापीठात हेच काम करते आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मन रमेल, पण नियमांचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका. या पेशात येणाऱ्या बहुतेकांना मुलांबद्दल कळकळ असतेच. कमी पडते ती पक्की माहिती. समोरचा मुलगा रडकुंडीला आला असताना त्याला धीर देणं फारसं अवघड नाही. पण 'सोड हा कोर्स, काही बिघडत नाही' असं आपण म्हणायचं आणि सेमिस्टर संपल्यावर त्याची आर्थिक मदत थांबल्याचं पत्र त्याच्या हाती पडायचं, असं झालं तर त्या धीराला काही अर्थ उरत नाही. नियम तोंडपाठ असलेल्या माणसाचीच माया इथे मुलांच्या उपयोगी पडते. बाकी सगळं मी सांगणार आहे ते याच मुद्द्याभोवती आहे.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. सेमिस्टरचा दहावा आठवडा आहे, कोर्स सोडायची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली आहे. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी येते आणि खुर्चीत बसण्याआधीच सांगते, "मला केमिस्ट्री सोडायचीय." तिला माझ्याकडून फक्त मंजुरी हवी आहे. अपॉइंटमेंट पंधरा मिनिटांची. ती बसेपर्यंत मी तिचं रेकॉर्ड उघडलेलं असतं. केमिस्ट्री चार क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं एकक), तिने घेतलेले एकूण १५. म्हणजे उरतात ११. पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरमध्ये १२ क्रेडिट असले तर तो पूर्णवेळ धरला जातो, आणि या एका आकड्याला कितीतरी गोष्टी बांधलेल्या असतात. ती खेळाडू असेल आणि विद्यापीठ एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागात असेल, तर १२ च्या खाली गेल्यावर सरावही बंद आणि सामनेही बंद. ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आधी परवानगी न घेता १२ च्या खाली जाणं म्हणजे व्हिसाचा दर्जा धोक्यात घालणं. अशा वेळी मी स्वतः काहीही सल्ला देत नाही. तिच्यासमोर त्या कार्यालयाला फोन लावते आणि तिला त्याच दिवशीची वेळ मिळवून देते. शिष्यवृत्ती असेल तर तिच्या अटी आणखी वेगळ्या. वसतिगृह, आरोग्यविमा, सगळीकडे पूर्णवेळ असण्याची अट आहे की नाही ते बघावं लागतं.

मग आर्थिक मदतीचा हिशोब. केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक आहे की नाही हे प्रत्येक विद्यापीठाला तपासावं लागतं, आणि त्यातली एक कसोटी वेगाची असते: घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण झालेले हवेत. सोडलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, 'डब्ल्यू' म्हणून दिसतो आणि त्याचा जीपीएवर, म्हणजे ग्रेडच्या सरासरीवर, परिणाम होत नाही. मुलांना एवढंच माहीत असतं, म्हणून त्यांना वाटतं की डब्ल्यू म्हणजे फुकटची सुटका. पण वेगाच्या हिशोबात तो घेतलेल्या क्रेडिटमध्ये मोजला जातो आणि पूर्ण केलेल्यांत मोजला जात नाही. समजा, या मुलीने आजवर ४५ क्रेडिट घेतले आणि ३१ पूर्ण केले, म्हणजे जवळपास ६९ टक्के. या सेमिस्टरला १५. केमिस्ट्रीसोबत तिने तीन क्रेडिटचा आणखी एक कोर्स सोडला, तर पूर्ण होतील फक्त आठ. ६० पैकी ३९, म्हणजे ६५ टक्के. एका दुपारच्या निर्णयाने ती रेषेच्या खाली गेली. फक्त केमिस्ट्री सोडली तर ६० पैकी ४२, म्हणजे ७० टक्के, आणि ती सुरक्षित राहते. हे गणित मी तिच्यासमोर कागदावर मांडते. तोंडी सांगितलेलं ताणाखाली असलेल्या मुलांच्या लक्षात राहत नाही, कागद मात्र ती घेऊन जातात. आणि कोणी सगळेच कोर्स सोडायचं म्हणत असेल तर आणखी एक आकडा: सेमिस्टरचा ६० टक्के काळ उलटण्याआधी पूर्ण बाहेर पडलं तर केंद्राच्या मदतीचा काही भाग परत करावा लागतो. तारीख चार दिवस पुढे ढकलल्याने विद्यार्थ्याचं मोठं कर्ज वाचू शकतं, हे अ‍ॅडव्हायझरला माहीत असायलाच हवं.

एवढं सगळं बघून झाल्यावर मी विचारते, "केमिस्ट्री जड कधीपासून जायला लागली?"

या प्रश्नासाठीच ती अपॉइंटमेंट असते, असं मला वाटतं. कारण उत्तर बहुधा केमिस्ट्रीबद्दल नसतंच. "पहिल्या परीक्षेपर्यंत बरं चाललं होतं. मग कामावर मला रात्रीची पाळी दिली." किंवा, "प्रयोगशाळेतल्या जोडीदाराने कोर्स सोडला, तेव्हापासून मी एकटीच आहे." किंवा नुसतंच खाली बघणं. रात्रीची पाळी हे कारण असेल तर केमिस्ट्री सोडून पुढच्या सेमिस्टरलाही तेच होणार. तेव्हा पाळी बदलता येते का, विद्यापीठाच्या आवारातच काम मिळतं का, प्राध्यापकांशी बोलली आहे का, शिकवणी केंद्रात जाऊन आली आहे का, आणि कोर्स सोडायचाच असेल तर कुठला सोडल्याने नुकसान कमी, हे सगळं आम्ही बोलतो. केमिस्ट्रीचा पुढचा भाग फक्त वसंत सत्रात शिकवला जात असेल तर आत्ता सोडणं म्हणजे अख्खं वर्ष मागे पडणं, हेही तिला कळायला हवं. ती शेवटी सोडेल किंवा ठेवेल. निर्णय तिचा. पण आली तेव्हा तिच्यासमोर एकच वाट होती, जाताना तीन वाटा आणि प्रत्येकीची किंमत तिला माहीत असते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कोर्स निवडून देणं हा या कामाचा शेवटचा तुकडा. टेरी ओ'बॅनियन या शिक्षणतज्ज्ञांनी १९७२ मध्ये याची पाच पायऱ्यांची मांडणी केली होती: आयुष्यात काय करायचं आहे, कुठल्या व्यवसायात जायचं आहे, त्यासाठी कुठला अभ्यासक्रम, त्यातले कुठले कोर्स, आणि सगळ्यात शेवटी कोर्सचं वेळापत्रक. विद्यार्थी जवळजवळ नेहमी पाचव्या पायरीवर उभा राहून प्रश्न विचारतो, कारण तीच त्याला दिसत असते. आपण त्याला हळूच वर घेऊन जायचं. प्रत्येक भेटीत नाही. ज्याला खरोखर फक्त वर्गाची वेळ बदलायची आहे त्याला आयुष्याचं ध्येय विचारत बसू नये, त्याच्या वेळेचा तो अपमान होतो. पण तीन सेमिस्टर लागोपाठ एखादा मुलगा शेवटच्या दिवशी नोंदणी करत असेल, तर वेळापत्रक हा त्याचा प्रश्न नाही, हे ओळखायचं.

त्याच वर्षी बर्न्स क्रुकस्टन या दुसऱ्या शिक्षणतज्ज्ञांनी सल्ला देणं हा शिकवण्याचाच प्रकार आहे असं मांडलं. डॉक्टरने औषध लिहून द्यावं तसा सल्ला एकीकडे, आणि विद्यार्थ्याला स्वतः ठरवायला शिकवणारा सल्ला दुसरीकडे, असा फरक त्यांनी केला. हा पेशा आज ज्या रूपात आहे त्याच्या मुळाशी हीच मांडणी आहे. त्याआधी हे काम प्राध्यापक आपल्या अध्यापनाच्या जोडीला करत. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ या काळात हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी ठरावीक अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक दिली. निवड आली तशी गोंधळाची शक्यता आली आणि वाट दाखवणाऱ्या माणसाची गरजही आली. हे काम करणाऱ्यांची पहिली राष्ट्रीय परिषद १९७७ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला भरली, आणि त्यातून १९७९ मध्ये नाकाडा ही संघटना उभी राहिली. तिचं कार्यालय कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. या क्षेत्रात येणार असाल तर तिचे लेख आणि परिषदांची भाषणं चाळत राहा, मुलाखतीतही त्याचा उपयोग होईल.

तुम्ही शिकवलेलं आहे, म्हणून दुसरं एक उदाहरण देते. शिक्षकाला तिथे सवय मोडावी लागते. पहिलं वर्ष संपलंय, मुलाचा जीपीए १.७ आहे, ३० क्रेडिट झालेत, आणि त्याच्यावर प्रोबेशनची, म्हणजे सरासरी कमी पडल्याच्या इशाऱ्याची, नोटीस आली आहे. २.० हवेत. शिक्षक म्हणून आपल्या तोंडून चटकन निघतं, "जास्त मेहनत कर." त्याला ते माहीत आहे. त्याला हे माहीत नाही की नेमकी किती मेहनत लागेल, आणि आकडा न कळल्यामुळे त्याला तो डोंगर वाटतो. म्हणून आधी गणित. ३० गुणिले १.७ म्हणजे ५१ गुण. पुढच्या सेमिस्टरला १५ क्रेडिट घेतले तर एकूण ४५, आणि २.० साठी हवेत ९० गुण. म्हणजे ३९ गुण १५ क्रेडिटमध्ये, सरासरी २.६. बी ला क्रेडिटमागे तीन गुण, सी ला दोन, म्हणजे बी आणि सी मिळून जमणारं आहे. आता हलकं जावं म्हणून त्याने १२ च घेतले तर? ४२ क्रेडिटला ८४ हवेत, म्हणजे ३३ गुण १२ क्रेडिटमध्ये, सरासरी २.७५. ओझं कमी केल्यावर प्रत्येक कोर्समध्ये जास्त चांगलं करावं लागतं, हे ऐकून मुलं चकित होतात. मग तिसरी वाट. पहिल्या वर्षी चार क्रेडिटच्या एका कोर्समध्ये त्याला एफ मिळालाय, म्हणजे नापास, शून्य गुण. विद्यापीठात ग्रेड बदलून घ्यायचा नियम असेल, आणि तो कोर्स पुन्हा करून त्याने सी मिळवला, तर जुना एफ सरासरीतून निघतो. गुण ५१ चे ५९ होतात, क्रेडिट ३० च राहतात, आणि जीपीए जातो १.९७ वर. एकाच कोर्सने. सोबतच्या कोर्समध्ये सी पेक्षा किंचित वर राहिलं तरी पुरतं.

हे आकडे मांडत असताना मुलांचे खांदे खाली येताना मी पाहिलेत. नापास होण्याची लाज त्यांना फार असते. तिला शब्दांनी हात घालण्यापेक्षा आकड्यांनी वाट दाखवणं जास्त दयेचं काम आहे, असं माझं ठाम मत झालंय. अर्थात हाच मुलगा वैद्यकीय शाखेकडे जाणार असेल तर मी तिथेच थांबून सांगते की अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात, एएमसीएएसमध्ये, एफ आणि सी दोन्ही मोजले जातात. विद्यापीठाने एफ सरासरीतून काढला तरी तिथे तो निघत नाही. आपल्या खिडकीतून दिसतं तेवढंच सांगून चालत नाही, त्याला पुढे ज्या दारात जायचं आहे तिथले नियमही सांगावे लागतात.

वैद्यकीयचा विषय निघालाच आहे तर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलण्याबद्दल सांगते. हे या कामातलं सगळ्यात नाजूक बोलणं. डॉक्टर किंवा इंजिनियर व्हायचं ठरवून आलेला मुलगा तिसऱ्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत किंवा कॅल्क्युलसमध्ये दुसऱ्यांदा अडकतो. तुला हे जमणार नाही, असं सांगणं माझं काम नाही, आणि खोटी आशा दाखवणं तर मुळीच नाही. मी त्याला त्याच्या मेजरची पुढची साखळी दाखवते: या कोर्सवर कोणते कोर्स अवलंबून आहेत, त्यात सरासरी किती लागते, प्रवेशाचा नियम काय आहे. आणि विचारते, "या सगळ्यातलं तुला नेमकं काय आवडतं?" कोणी म्हणतं, लोकांना बरं करणं. कोणी म्हणतं, यंत्र उघडून बघणं. कोणी बराच वेळ गप्प राहून म्हणतं, "घरच्यांना आवडतं." तिन्ही उत्तरांना पुढचं बोलणं वेगळं. लोकांना बरं करायला सार्वजनिक आरोग्य, शुश्रूषा, श्रवणविज्ञान, पुनर्वसन असे कितीतरी रस्ते आहेत, आणि त्यातला प्रत्येक स्वतंत्रपणे चांगला आहे. त्यांना 'प्लॅन बी' म्हणू नका. त्या शब्दाने तो रस्ता आधीच दुय्यम ठरतो आणि मुलगा तिथे हरल्यासारखा जातो. मेजर बदलताना क्रेडिटचा हिशोबही करावा लागतो. १२० क्रेडिटच्या पदवीला केंद्राची मदत फार तर दीडपट, म्हणजे १८० घेतलेल्या क्रेडिटपर्यंत मिळते. दोनदा मेजर बदललेल्या, दुसऱ्या कॉलेजातून क्रेडिट घेऊन आलेल्या मुलांना ही मर्यादा अचानक समोर येते.

दुसऱ्या कॉलेजातून आलेल्यांबद्दल खास सांगावंसं वाटतं. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, काढून ६० क्रेडिट घेऊन ही मुलं येतात. विद्यापीठ ६० च्या ६० स्वीकारतं, आणि मुलाला वाटतं की निम्मी पदवी झाली. पण स्वीकारणं वेगळं आणि मेजरच्या गरजेत बसणं वेगळं. त्यातले १५ नुसते ऐच्छिक म्हणून पडून राहिले तर त्याचं अख्खं सेमिस्टर वाढतं. हे पहिल्या भेटीत सांगितलं तर दुःख होतं, पण शेवटच्या वर्षात कळलं तर विश्वासच उडतो. यांच्यातले पुष्कळ जण नोकरी करून, घर सांभाळून शिकत असतात. त्यांना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ द्यावा, तसा वेळ कार्यालयाकडे मागून घ्यावा.

१२ च्या आकड्याचा आणखी एक सापळा. पूर्णवेळ धरलं जायला १२ पुरतात, त्यामुळे मुलं दर सेमिस्टरला १२ च घेतात आणि चार वर्षांत पदवी मिळेल असं धरून चालतात. आठ गुणिले १२ होतात ९६. पदवीला हवेत १२०. दर सेमिस्टरला १५ लागतात किंवा उन्हाळ्यात भरून काढावं लागतं. ज्याला काम करून शिकायचं आहे त्याने १२ घ्यावेत, त्यात काही वाईट नाही, पण त्याने पाच वर्षांचा बेत पहिल्याच दिवशी मांडावा.

आता पालक आणि गुप्तता. १९७४ च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार विद्यार्थी महाविद्यालयात दाखल झाला की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे येतो, मग त्याचं वय १८ पेक्षा कमी का असेना. करासाठी मूल पालकांवर अवलंबून असेल तर विद्यापीठ माहिती देऊ शकतं, पण द्यायलाच हवी असं नाही, आणि आपल्या विद्यापीठाचं धोरण काय आहे ते आपल्याला ठाऊक हवं. आईचा फोन येतो, आवाजात काळजी असते. "कायद्यामुळे सांगता येत नाही" एवढंच बोलून फोन ठेवू नका. कोर्स सोडायची तारीख काय असते, प्रोबेशन म्हणजे काय, शिकवणी कुठे मिळते, हे कोणालाही सांगता येतं, ते आपुलकीने सांगा. मुलाशी काय आणि कसं बोलावं हेही सुचवा. मुलाच्या नोंदीतलं एक अक्षर मात्र सांगू नका. 'हो, तो माझ्याकडे आला होता,' एवढंही नाही.

भेटीच्या टिपणांनाही हाच कायदा लागू होतो. तुम्ही सिस्टिममध्ये लिहिलेलं टिपण ही विद्यार्थ्याची नोंद आहे आणि तो ती बघायला मागू शकतो. म्हणून मी प्रत्येक टिपण तो माझ्या शेजारी बसून वाचतोय असं समजून लिहिते. 'आळशी वाटतो', 'बहाणे सांगतो' अशी वाक्यं कधीही नकोत. 'कॅल्क्युलस सोडण्याचे परिणाम समजावले, आर्थिक मदत कार्यालयाकडे पाठवलं, शुक्रवारपर्यंत निर्णय कळवणार' एवढं पुरतं. तुम्ही रजेवर असताना तुमचा सहकारी तेच टिपण वाचून पुढची मदत करणार असतो. दोन अ‍ॅडव्हायझरांनी दोन वेगळी उत्तरं दिली की विद्यार्थी तिसऱ्यांदा कोणालाच विचारायला येत नाही.

कधीकधी मात्र कोर्सचं बोलणं चालू असताना एकदम काहीतरी भलतंच बाहेर येतं: घरातली मारहाण, अत्याचार, जगायची इच्छा नसणं. आपण समुपदेशक नाही. बहुतेक विद्यापीठांत लैंगिक छळाची गोष्ट कळली की ती ठरावीक कार्यालयाला कळवणं अ‍ॅडव्हायझरवर बंधनकारक असतं. म्हणून 'हे आपल्या दोघांतच राहील' असं वचन आधीच देऊ नका. तो बोलायला लागतोय असं दिसलं की शांतपणे सांगा, "तू सांगशील त्यातल्या काही गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात, मग काय सांगायचं ते तू ठरव." आणि ज्याला समुपदेशन केंद्रात पाठवायचं त्याच्या हातात फोन नंबर देऊन मोकळं होऊ नका. त्याच्यासोबत चालत जा. जीवावरचं काही असेल तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ९८८ हा संकटकाळचा क्रमांक २०२२ पासून देशभर चालू आहे, तो तोंडपाठ असू द्या. अशा भेटीनंतर पुढची अपॉइंटमेंट पाच मिनिटं उशिरा घेतली तरी चालते. स्वतःला ती पाच मिनिटं द्या.

कामाचा भार हा या नोकरीतला खरा प्रश्न आहे. नाकाडाच्या २०११ च्या पाहणीत पूर्णवेळ अ‍ॅडव्हायझरमागे मध्यक २९६ विद्यार्थी होते. प्रत्यक्षात कुठे दीडशे असतात, कुठे सहाशेच्या वर. सहाशे असतील तर वर लिहिलेल्यातलं अर्धंही जमत नाही. दिवस नुसता होल्ड, म्हणजे नोंदणीवरची अडवणूक, उठवण्यात आणि ईमेलना उत्तरं देण्यात जातो. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१२ पासून आठशेहून अधिक धोक्याच्या खुणांवर रोज संगणकाने लक्ष ठेवायला सुरुवात केली, ती पद्धत पुढे पुष्कळांनी उचलली. पण तिथे सोबत नवे अ‍ॅडव्हायझरही नेमले गेले आणि प्रत्येकामागची संख्या तीनशेच्या आसपास आणली गेली, हे सांगायला लोक विसरतात. संगणकाने खूण दाखवली तरी त्या मुलाशी बोलायला कोणीतरी मोकळं असावं लागतं.

वर्षाची लय तुम्हाला ओळखीची वाटेल. उन्हाळ्यात नव्या मुलांचं ओरिएंटेशन, ऑगस्टअखेर कोर्स जोडण्या-काढण्याची धावपळ, मग मध्यसत्राचे गुण, कोर्स सोडायची तारीख, पुढच्या नोंदणीची गर्दी, पदवीची तपासणी, आणि सत्र संपल्यावर प्रोबेशनची पत्रं. डिसेंबर आणि मे या महिन्यांत सुट्टी मागू नका.

पात्रतेचं म्हणाल तर पदवी ही किमान अट असते आणि मास्टर्सला बहुतेक ठिकाणी पसंती. उच्चशिक्षण प्रशासन किंवा समुपदेशनातलं मास्टर्सच हवं असं नाही, एखाद्या विषयातलं मास्टर्स आणि शिकवण्याचा अनुभव चांगला चालतो, विशेषतः त्याच विभागाला अ‍ॅडव्हायझर हवा असेल तर. बढतीची शिडी मात्र आखूड आहे: अ‍ॅडव्हायझर, वरिष्ठ अ‍ॅडव्हायझर, सहायक संचालक, संचालक. वरच्या दोन पायऱ्यांवर विद्यार्थी कमी आणि बैठका जास्त. ज्यांना मुलांमध्येच राहायचं आहे त्यांच्यासाठी वरिष्ठ अ‍ॅडव्हायझरची जागा चांगली पगारवाढ देते का, हे आधीच विचारून घ्या.

शिकवण्याचा अनुभव उपयोगी पडतो तो अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात, आणि आडवा येतो तो उत्तर लवकर देण्याच्या सवयीमुळे. वर्गात गप्प बसणं म्हणजे वेळ वाया जाणं असं आपल्याला वाटतं. इथे प्रश्न विचारून गप्प बसायला शिकावं लागतं. पहिल्या काही महिन्यांत अनुभवी अ‍ॅडव्हायझरच्या शेजारी बसून भेटी बघायला मिळतात. तेव्हा ते काय बोलतात यापेक्षा कुठे थांबतात ते टिपा.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: माझ्याकडे किती विद्यार्थी असतील, गर्दीच्या दिवसांत भेट किती मिनिटांची असते, नवीन माणसाला किती आठवडे शिकवता, विद्यार्थ्याच्या चुकीच्या नोंदीवर दाद मागायची झाली तर अ‍ॅडव्हायझरचं म्हणणं ऐकलं जातं का. उत्तर देताना ते एकमेकांकडे बघायला लागले तर त्यातूनही बरंच कळतं.

आणि जाण्याआधी एक तयारी करा. त्या विद्यापीठाचा कॅटलॉग, म्हणजे अभ्यासक्रमांची आणि नियमांची पुस्तिका, संकेतस्थळावर असतो. तुमच्या विषयाच्या जवळचं एक मेजर निवडा आणि कोऱ्या कागदावर आठ सेमिस्टरचा बेत मांडा: कोणता कोर्स कशावर अवलंबून, कोणता फक्त शरद सत्रात मिळतो, सामान्य शिक्षणाचे कोर्स कुठे बसतात. मग समजा, दुसऱ्या सेमिस्टरचा गणिताचा कोर्स बुडाला. आता तोच बेत पुन्हा मांडा. ज्या दोन-तीन जागी अडाल, तेच प्रश्न मुलाखतीत विचारा.